जुने कॅटलॉग

दुकानाच्या ईमेलवर रोज सकाळी शे-दीडशे पत्रं येऊन पडायची आणि ताई त्यातलं एकूण एक पत्र वाचायची. टकलावर पंधरा दिवसांत केस उगवून देणारे, घरबसल्या बारीक करणारे, कुठल्याशा राजघराण्यातली मरणाला टेकलेली विधवा, जिला आपली सगळी इस्टेट नेमकी पियानो दुरुस्त करणाऱ्या दोन बहिणींनाच द्यायची होती, अशी सगळी मंडळी तिथे हजेरी लावून जायची. ताई चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून प्रत्येकाला शेवटपर्यंत वाचायची आणि मगच पुसायची. न वाचता पुसायचं नाही, कारण कचऱ्यात एखादं गिऱ्हाईक दडलेलं असलं तर? आणि मशीनने आपण होऊन कचरा वेगळा काढावा हेही तिला मंजूर नव्हतं. मशीन कोणी बनवलं, त्याचा आत काय डाव आहे, कोणाला ठाऊक.

दुकान म्हणजे वडिलांनी थाटलेली एक लांबट खोली. पुढे काचेचं दार, मध्ये पोटं उघडी टाकून उभे असलेले दोन-तीन पियानो, मागे सुताराचं टेबल आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. पियानो सुरात लावायचं काम दोघी बहिणी करायच्या. ताई त्रेसष्ट वर्षांची, आणि छोटी बावन्न. बावन्न वर्षांच्या, गुडघे धरून जिना चढणाऱ्या बाईला सगळे अजून छोटी म्हणायचे आणि तीही निमूट ओ द्यायची. दोघींनी लग्न केलं नव्हतं. ताईने केलं नाही कारण तिला कोणी खात्रीचा वाटला नाही, आणि छोटीने केलं नाही कारण ताईला कोणी खात्रीचा वाटला नाही. दुकानात तिसरा माणूस म्हणजे सुतार. तो मोडलेलं लाकूड सांधायचा आणि दिवसभरात मोजून वीसेक शब्द बोलायचा.

ताई तशी पहिल्यापासूनच संशयी, पण गेलं वर्ष-दीड वर्ष तिच्या मनातली पाल जरा जास्तच चुकचुकत होती. लोक तिच्याशी तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. छोटी फोनवर बोलायची ती खिडकीकडे तोंड करून, दबक्या आवाजात. ताई दुकानात शिरली की छोटीचं आणि सुताराचं बोलणं मध्येच तुटायचं. काय चाललंय म्हणून विचारावं, तर ‘काही नाही गं’ एवढंच उत्तर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ताई जिथे जिथे पियानो लावून यायची, तिथे एक-दोन दिवसांत छोटी हटकून जाऊन यायची. एकदा तर छोटीला नाट्यगृहाच्या मागच्या दारातून बाहेर पडताना ताईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, भाजी आणायला गेले होते. पिशवीत भाजी होती खरी, पण भाजीखाली ती लांब दांड्याची किल्लीही होती, जिने पियानोच्या तारा पिळतात.

याचा अर्थ ताईच्या मते एकच होता. छोटी गिऱ्हाइकं फोडत होती. ताईने जिथे काम केलं तिथे मागून जाऊन, गोडगोड बोलून, ती ती माणसं स्वतःकडे वळवत होती, आणि एके दिवशी स्वतःचं वेगळं दुकान काढून ताईच्या हातावर तुरी देणार होती. सुतारही बहुतेक तिच्याच बाजूचा होता.

दुकानाचं ताईला एवढं काही वाटत नव्हतं. दुकानं उघडतात, बंद होतात. पण छोटी आठ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून तिचे केस विंचरण्यापासून तिला सूर ओळखायला शिकवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं होतं. ती गेली तर संध्याकाळी जेवायला समोरच्या खुर्चीत बसणारं माणूस उरणार नव्हतं. पण हे ती स्वतःशीसुद्धा कबूल करायची नाही. ती स्वतःला सांगायची, मला फक्त पुरावा पाहिजे.

पुरावा गुरुवारी आपण होऊन चालून आला. सकाळी छोटी पहिल्या बसने तारा आणि पियानोच्या आतल्या हातोड्यांना लावायचा लोकरीचा नमदा आणायला शेजारच्या शहरात गेली होती. ताई आठ वाजता संगीतशाळेत जाऊन तिथला पियानो लावून आली, कारण संध्याकाळी सहाला तिथे मुलांची परीक्षा होती. अकरा वाजता परत येऊन बघते तर ईमेलची पेटी भरून गेलेली. आता नवीन पत्र येणार नाही, जागा करा, असं पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं. एरवी असं काही झालं की छोटी म्हणायची, तू राहू दे, मी बघते. सेटिंगला हात लावू नकोस म्हणून तिने दोनदा बजावलंही होतं. तेव्हाच ताईने मनाशी टिपून ठेवलं होतं की सेटिंगमध्ये काहीतरी पाणी मुरतंय. आज छोटी नव्हती. ताईने मागच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावून घेतलं.

कॉम्प्युटरवाला पन्नाशीचा, गोल पोटाचा, शांत गृहस्थ होता. त्याने आधी हात धुतले, मग खुर्चीत बसला. पासवर्ड टाकताना ताईने त्याला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि तो बिचारा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला. ताईने आधीच पुसलेली पत्रं कायमची काढून त्याने पेटीत जागा केली आणि मग समजावून सांगितलं की एवढा कचरा हाताने उपसायची गरजच नाही. फिल्टर लावायचे, म्हणजे नियम करून ठेवायचे. अमुक शब्द असलेलं पत्र आलं की ते समोर न येता परस्पर कचऱ्यात जाईल. तुम्ही फक्त शब्द सांगा.

शब्द सांगायला बसल्यावर मात्र ताईला उत्साह आला. आयुष्यभर ज्यांच्यावर संशय घेतला त्या सगळ्यांना एका ओळीत उभं करून हाकलायची ही पहिलीच संधी होती. तिने ‘मोफत’ सांगितला, ‘शेवटची संधी’ सांगितला, ‘प्रिय मित्रा’ सांगितला. ‘अभिनंदन’ हा शब्द सांगितल्यावर कॉम्प्युटरवाला जरा अडखळला. कोणी खरंच अभिनंदन केलं तर तेही जाईल, असं त्याने सुचवून पाहिलं. चाळीस वर्षांत आपलं अभिनंदन कोणी केलेलं नाही, आता एकाएकी कोणी केलंच तर त्यात त्याचा स्वार्थ असणार, असं सांगून ताईने तो मुद्दा निकालात काढला. ‘खात्रीशीर’ हा शब्दही तिने टाकायला लावला, कारण खात्रीची माणसं तसं लिहीत नाहीत.

सगळे नियम जतन करून कॉम्प्युटरवाल्याने यादी उघडली, आणि म्हणाला की तुमच्याकडे एक फिल्टर आधीपासून आहे, दीड वर्षापूर्वीचा.

ताईने खुर्ची जवळ ओढली. कॉम्प्युटरवाल्याने तो नियम वाचून दाखवला. ताईला नीट कळला नाही, म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने वाचला. पत्रात ‘ताई’ हा शब्द असेल, आणि सोबत ‘वरच्या पट्ट्या’, ‘बेसूर’, ‘पुन्हा’ यांपैकी काहीही असेल, तर ते पत्र इनबॉक्समध्ये येऊ द्यायचं नाही. वाचलं म्हणून खूण करायची आणि परस्पर ‘जुने कॅटलॉग’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं.

जुने कॅटलॉग. त्या फोल्डरकडे ताईने आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. जुन्या कॅटलॉगमध्ये कोण कशाला बघेल? हे ज्याने नाव दिलं त्याला ताई पुरती ठाऊक होती.

कॉम्प्युटरवाल्याने तिच्याकडे पाहिलं. हा तुम्हीच लावला असेल ना, असं त्याने विचारलं. ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण घरातली गोष्ट गल्लीत जाऊ देणाऱ्यातली ती नव्हती. हो, मीच लावला होता, विसरले, असं तिने सांगितलं, त्याला चहासुद्धा न विचारता दारापर्यंत पोचवलं आणि दाराला आतून कडी घातली. कडी दोनदा ओढून पाहिली.

मग ती फोल्डर उघडून बसली. आत एक्केचाळीस पत्रं होती.

नाट्यगृहाचे व्यवस्थापक, दोन संगीतशाळा, एक निवृत्त न्यायाधीश, नृत्य शिकवणारी एक बाई, हॉटेलात संध्याकाळी वाजवणारा एक वादक. सगळी ओळखीची माणसं, ज्यांच्या घरी ताई वीस-वीस वर्षं जात होती. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लिहिलं होतं, पण मजकूर एकच. ताई येऊन गेल्या, खालचा आणि मधला भाग सुरेख लागलाय, पण वरच्या टोकाच्या पट्ट्या बेसूर आहेत, तुम्ही पुन्हा येऊन बघाल का? आणि बहुतेकांनी शेवटी लिहिलं होतं, हे ताईंना कळू देऊ नका. प्रत्येक पत्राखाली छोटीचं उत्तर होतं, उद्या येते, परवा येते, नक्की येते.

दुसरं कोणी असतं तर दहाव्या पत्रापर्यंत त्याने स्वतःचे कान चाचपले असते. ताईने नाही चाचपले. एकाने तक्रार केली असती तर तिने कदाचित विचार केला असता. पण एक्केचाळीस पत्रं जेव्हा एकच गोष्ट सांगतात तेव्हा त्यांना कोणीतरी पढवलेलं असतं, हे उघड होतं. कसं पढवलं तेही तिला आता स्पष्ट दिसत होतं. ताई लावून आली की छोटीने मागून जायचं, वरच्या दोन-चार तारा हळूच सैल करायच्या, गिऱ्हाइकाला बेसूर ऐकवायचं, मग स्वतःच दुरुस्त करून शाबासकी मिळवायची. आणि सगळा पत्रव्यवहार ताईच्या नजरेआड. वाचता वाचता तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते फार दुखत होतं. छोटीने. दुसऱ्या कोणी नाही, छोटीने.

सगळ्यात वरचं पत्र आजचंच होतं. संगीतशाळेतल्या बाईंनी अकरा चाळीसला लिहिलेलं. ताई सकाळी येऊन गेल्या, वरच्या पट्ट्या नेहमीसारख्याच राहिल्यात, संध्याकाळी सहाला परीक्षा आहे, काही करता येईल का? आणि खाली छोटीचं उत्तर, बसमधून फोनवर लिहिलेलं. चार वाजता थेट शाळेत पोचते. ताईला कळू देऊ नका.

या एका पत्राचा मात्र ताईच्या हिशेबात मेळ बसेना. छोटी सकाळपासून इथे नव्हतीच, मग तारा सैल कोणी केल्या? क्षणभर ती थबकली. मग तिने मान उडवली. शाळेतल्या बाईही सामील असणार.

ती उठून मागे सुताराकडे गेली. सुतार एका पियानोच्या पायाला पॉलिश घासत होता. छोटी माझ्या मागून जाऊन काय करते ते तुला ठाऊक आहे ना, असं तिने त्याला सरळच विचारलं. सुताराने फडकं खाली ठेवलं आणि म्हणाला की तो लाकडाचं बघतो, सुराचं त्याला विचारू नये. मग पुन्हा फडकं उचललं. त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, कीव होती. ताईला ती दिसली, पण तिने तिचा अर्थ चोरी असाच लावला. साडेचार वाजता तिने छत्री घेतली आणि निघाली. आज रंगेहाथ पकडायचं, एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा.

शाळा चालत वीस मिनिटांवर. वाटेत ताई काय काय बोलायचं ते मनात जुळवत होती. वेगळं दुकान काढायचं तर तोंडावर सांगून काढ, असं म्हणायचं होतं. चालती हो, असंही म्हणायचं होतं, पण ते वाक्य दर वेळी अर्ध्यावरच तुटत होतं, कारण त्यावर छोटी खरंच चालती झाली असती तर? सिग्नलला उभी असताना मागून एका सायकलवाल्याने बहुतेक बराच वेळ घंटी वाजवली असावी, कारण शेवटी त्याने खाली उतरून हातवारे केले. लोकांना आजकाल दम म्हणून नाही, असं पुटपुटत ताई बाजूला झाली.

शाळेच्या सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. बाहेरच्या बाकांवर परीक्षेची मुलं आणि त्यांचे आईवडील येऊन बसायला लागले होते. ताई दाराच्या काचेपाशी थांबली. आत पियानोचं झाकण उघडं होतं, शेजारी संगीताच्या बाई हाताची घडी घालून उभ्या, आणि स्टुलावर छोटी, प्रवासाच्या चुरगळलेल्या कपड्यांतच. समोर तिने फोन टेकवून ठेवला होता, त्यावर सूर दाखवणारा काटा हलत होता. यंत्राने सूर लावणाऱ्यांचा ताईला मनस्वी तिटकारा. छोटी डाव्या हाताने अगदी उजव्या टोकाची पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होती आणि उजव्या हाताने किल्ली केसाएवढी फिरवत होती.

टक. टक. टक.

ताई कान देऊन ऐकत राहिली. नुसतं टक. लाकडाचा हातोडा, दुसरं काही नाही. म्हणजे सूर लावायचं नुसतं नाटक चाललं होतं. तारेवर हातोडा पोचूसुद्धा देत नव्हती, आणि बाई शेजारी उभ्या राहून माना डोलवत होत्या. ताईने दार ढकललं.

“स्वर कुठाय?” ती म्हणाली. “नुसतं लाकूड काय बडवतेस?”

छोटीचं बोट पट्टीवरच राहिलं. बाईंनी छोटीकडे पाहिलं, छोटीने बाईंकडे, आणि मग दोघींनीही खाली पाहिलं.

“पुन्हा वाजव,” ताई म्हणाली.

छोटीने वाजवली. टक. ताईने तिचा हात बाजूला सारला आणि स्वतः दाबली. टक. शेजारची दाबली. टक. तिच्या अलीकडची, तिच्याही अलीकडची. अशी एकेक पट्टी ती खाली खाली येत गेली. अकराव्या पट्टीवर कुठे स्वराची चाहूल लागली, तीही बंद खोलीच्या पलीकडून यावी तशी. चौदाव्या पट्टीवर पियानो नेहमीसारखा वाजला. ताई पुन्हा शेवटच्या पट्टीकडे गेली. तिने वाकून आत पाहिलं. हातोडा तारेवर नीट आदळत होता. तार थरथरत होती. बाहेर बाकावर बसलेलं एक लहान मूल तो स्वर ऐकून दारातून डोकावलं.

सकाळी याच पट्ट्या तिने लावल्या होत्या. कशा लावल्या होत्या? हाताने. किल्ली कुठपर्यंत पिळायची, खुंटी कुठे आवळते, हे चाळीस वर्षांत हाताला पाठ झालं होतं, आणि स्वर तिला ऐकू आला होता. अगदी स्वच्छ ऐकू आला होता. तो स्वर पियानोतून आला नव्हता एवढंच. तिच्याच डोक्यात तो साठवलेला होता.

छोटी उठून बाजूला झाली तशी ताई स्टुलावर बसली. बाई हळूच बाहेर गेल्या आणि दार लोटून घेतलं.

“किती दिवस?” ताईने विचारलं.

“दीड वर्ष. आधी शेवटच्या दोन-तीनच होत्या. आता दहा-बारा.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.” बोलता बोलता ताईचा आवाज चढला. एक्केचाळीस वेळा मला किल्ली घेऊन जाऊ दिलंस, माझ्या मागे सगळे हसले असतील, आणि तू कॅटलॉगच्या नावाखाली झाकत बसलीस, असं बरंच काही ती बोलली. ती घाबरली होती, आणि घाबरली की ती भांडायची.

छोटीने तिला बोलू दिलं. मग तोंड ताईच्या अगदी समोर आणून, हळू नाही आणि ओरडूनही नाही, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “सांगितलं होतं. पहिलं पत्र आलं तेव्हाच तुला दाखवलं होतं. नाट्यगृहातलं. तू म्हणालीस की हे मीच त्यांच्याकडून लिहून घेतलंय, तुला दुकानातून काढायला. माझ्यासमोर ते पत्र कचऱ्यात टाकलंस. आणि चार दिवस माझ्या हातचं खाल्लं नाहीस.”

ताईला आठवलं. सगळं एकदम आठवलं. दुकानातली ती सकाळ, पडद्यावरचं ते पत्र, ‘स्पॅम’ असं लिहिलेलं बटण तिने स्वतःच्या बोटाने दाबलं होतं आणि वर छोटीला म्हणाली होती की तुझीही जागा इथेच आहे. चार दिवस ती कोपऱ्यावरच्या खाणावळीत जेवली होती. पाचव्या दिवशी छोटी म्हणाली होती की चूक झाली, आणि ताईला वाटलं होतं की चोर कबूल झाला. मग ती ते साफ विसरली होती. तिला विसरणं सोपं होतं.

“दुसऱ्यांदा ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती,” छोटी म्हणाली. “म्हणून तो फिल्टर लावला. आणि हसलं कोणी नाही. एकानेसुद्धा दुसरीकडे काम दिलं नाही. मीच त्यांना सांगायची, फोन करू नका, लिहून कळवा. दमले गं मी.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसता थकवा होता, दीड वर्षाचा, बसचा, जिन्यांचा, भाजीच्या पिशवीचा. ताईला तिच्याकडे बघवेना. आपल्याला ऐकू येत नाही याचं दुःख मोठं होतं, पण ते उद्याही करता आलं असतं. आत्ता तिला लाज वाटत होती. सगळं जग आपल्याला फसवतंय म्हणून ती डोळ्यांत तेल घालून जागी राहिली होती, आणि त्या सगळ्या जगात जे एक माणूस तिला सांभाळत होतं, त्यालाच तिने चोर ठरवलं होतं. माफ कर म्हणायला तिने तोंड उघडलं, पण तो शब्द तिने कधी वापरलेला नव्हता आणि वेळेवर तो सापडेना.

“तो फिल्टर काढ,” ती म्हणाली.

घरी गेल्यावर काढते, असं छोटी म्हणाली. ताईने मान हलवली आणि पियानोवरचा फोन उचलून तिच्या हातात दिला. छोटीने सेटिंग उघडली, नियम शोधला, पुसला आणि पडदा ताईसमोर धरला. ताईने तो पाहिला नाही. तू पुसलास ना, मग झालं, असं म्हणून तिने स्टूल रिकामं केलं.

साडेपाच होत आले होते. छोटी पुन्हा वरच्या पट्ट्यांना लागली. ताई पियानोच्या कडेला उभी राहून तिचे हात बघत होती. ते हात तिनेच शिकवलेले होते, आणि ते चुकत नव्हते. एकदा छोटीने जुन्या सवयीने मान वर करून विचारलं की बरोबर बसला का, आणि विचारल्यावर स्वतःच गोरीमोरी झाली. मला काय विचारतेस, तुला ऐकू येतंय ना, असं ताई म्हणाली. त्यात राग नव्हता. छोटीने पुढची पट्टी घेतली.

सहाला पाच मिनिटं असताना दार उघडलं. बाई आत आल्या, त्यांच्या मागे दोन परीक्षक, आणि दारात मुलं, आईवडील, सगळे गोळा झालेले. बाईंनी सवयीने ताईलाच विचारलं, कारण इतकी वर्षं शेवटचा शब्द तिचाच असायचा. पियानो लागला का, मुलांना आत घेऊ का?

ताईने छोटीकडे पाहिलं. छोटीने मान डोलावली. ताईने पियानोला हात लावला नाही, एकही पट्टी वाजवून पाहिली नाही.

“घ्या आत,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “छोटी म्हणते लागलाय, म्हणजे लागलाय. मला वरचं ऐकू येत नाही.”